आत्याच्या पोटाचा निकाल

आमच्या घराण्यात गाडी घेताना कोणी इंजिन बघत नाही, मायलेज विचारत नाही. आमच्याकडे गाडीत आत्याला बसवतात आणि हायवेवर डोंगरातल्या वळणांवरून एक फेरी मारून आणतात. आत्या शांत बसली तर गाडी पास. आत्याने काच खाली करून "जरा थांबवता का?" असं विचारलं, की गाडी नापास. मग विकणाऱ्याने तिचे कितीही गुण गायले तरी व्यर्थ.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायचा तिचा धंदा. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. कापडाच्या ताग्यांमधून वाट काढत गिऱ्हाईक मशीनपर्यंत पोचलं, की आत्या चष्म्यावरून बघते आणि सांगते, हा रंग तुमच्या भिंतीला शोभणार नाही. गिऱ्हाईक रंग बदलतं. एक बाई जरा हट्टी होती, तिने कापड तेच ठेवलं आणि भिंत रंगवून घेतली. अशा आत्याचं पोट मात्र भलतंच नाजूक. तोंडाने ती कोणाला हार जात नसे, पण छोट्या गाडीतून वळणावर गेली की तिचा चेहरा धुतलेल्या मांजरपाटासारखा पांढरा पडायचा.

तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, गाडी शिकवायचा क्लास चालवतात. गावातले निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेलेत. बँकेतला मॅनेजर, बेकरीवाला, दातांचे डॉक्टर, सगळे रस्त्यात दिसले की हॉर्न वाजवून "मास्तर!" म्हणतात, आणि आतोबा जागच्या जागी त्यांना विनाकारण हॉर्न वाजवल्याबद्दल झापतात. क्लासच्या फळ्यावर त्यांनी एक मोठं वळण काढून ठेवलंय आणि त्याखाली लिहिलंय, 'वेग वळणाआधी कमी करा. वळणात ब्रेक नाही.' फळा पुसला तरी तेवढा भाग पुसायची परवानगी नाही. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक बसवलेला असतो. शिकाऊ माणूस गडबडला की मास्तरांनी तो दाबायचा. आतोबांचं अर्धं आयुष्य त्या एका ब्रेकवर पाय ठेवून गेलं.

एवढा जाणकार घरात असल्यावर गाडीची परीक्षा घ्यायला चालवणार तेच, आणि शेजारी बसणार आत्या. तिने काच खाली केली की आतोबा खेदाने मान हलवत. "छोट्या गाडीचं बूडच हलकं. सरळ रस्त्यावर पळेल, वळणावर उघडी पडेल." बसमधून त्याच रस्त्याने जाताना आत्याला काहीच होत नसे, तेव्हा तर आमची खात्रीच पटली. बस जड, म्हणून स्थिर. आतोबांनी स्वतःच्या एक हिरवी आणि एक पांढरी अशा दोन छोट्या गाड्या याच कारणासाठी विकून टाकल्या. गावात त्यांचं बघून आणखी चारजणांनी विकल्या.

मग मला डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलमध्ये रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली. हवी होती तशी नोकरी. पाळीच्या वेळा अशा, की एकही बस जुळेना. आमची गल्ली एवढी अरुंद, की मोठी गाडी आत शिरली तर बाहेर काढायला भिंत पाडावी लागेल. म्हणजे छोटीच गाडी हवी. दातांच्या डॉक्टरांना त्यांची विकायचीच होती, त्यांनी ती एका सकाळसाठी आम्हाला बघायला दिली. बाबांनी एकच अट घातली. "ताईला बसव. ती म्हणाली नाही, तर नाही. डुलणाऱ्या गाडीतून तू रोज ती वळणं घ्यायचीस आणि मी घरी देव पाण्यात बुडवून बसायचं, हे मला जमणार नाही. नोकरी इथेही मिळेल." इथे मिळणार नव्हती. मला ते माहीत होतं, बाबांनाही.

रविवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. मी म्हटलं, "रोज मलाच चालवायची आहे, तर जाताना मी चालवते." आतोबा माझ्या शेजारी बसले. "चालव. येताना खरी परीक्षा मी घेतो." आत्या आणि बाबा मागे.

मला गाडी आतोबांनीच शिकवलेली. वळण दिसलं की आधी वेग उतरवायचा, मग पाय हलका ठेवून गाडीला वळणातून जाऊ द्यायचं. पहिल्या वळणावर मी दात आवळून धरले. गाडी बाहेरच्या अंगाला किंचित कलली आणि तेवढीच राहिली. चाकांनी रस्ता धरलाय हे स्टिअरिंगमधून हाताला कळत होतं. समोरून एक ट्रक गेला, वाऱ्याचा धक्का बसला, तरी ती आपली ओळ सोडेना. दुसऱ्या वळणानंतर मी दात आवळणं सोडलं. शेजारी आतोबांचा उजवा पाय मात्र दर वळणात चटईवर दाबला जात होता, तिथे नसलेला ब्रेक शोधत. मागे आत्या बिस्किट खात बाबांच्या शर्टाची कॉलर कशी चुकीची शिवली आहे ते सांगत होती. नंतर आवाज बंद झाला. मी घाबरून आरशात बघितलं, तर बाईसाहेबांना डुलकी लागलेली.

डोंगरमाथ्यावरच्या चहाच्या टपरीवर बाबा खूश होऊन म्हणाले, "पास!"

"थांबा," आतोबा म्हणाले. "इथवर चढ होता. गाडीचं खरं रूप उतारावर कळतं."

परत निघताना आतोबा स्टिअरिंगवर, आत्या नेहमीप्रमाणे त्यांच्या शेजारी, मी आणि बाबा मागे. पहिलं वळण आलं. आतोबा त्यात वेगाने शिरले आणि ऐन मध्यावर त्यांनी ब्रेक दाबला. गाडीचं नाक खाली गेलं, मागची बाजू उचलल्यासारखी सैल झाली, माझं डोकं काचेवर आपटलं. त्यांनी ब्रेक सोडला, पुन्हा दाबला. पुढच्या वळणाला मी दोन सीटच्या फटीतून त्यांच्या पायाकडेच बघत राहिले. गाडी वळणात शिरली, की पाय आपोआप ब्रेकवर. त्यांच्या चेहऱ्यावर त्याचा पत्ताही नव्हता. जन्मभर जे फळ्यावर लिहिलं तेच हा माणूस दर वळणाला मोडत होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"जरा थांबवता का?" आत्या म्हणाली.

रस्त्याच्या कडेला जे व्हायचं ते झालं. मी तिच्या पाठीवर हात फिरवला, पाण्याची बाटली दिली. बाबांचा चेहरा पडला. "नापास," ते हळूच म्हणाले. आतोबांनी खेदाने मान हलवली. "मी सांगत होतो. बूड हलकं."

माझी नोकरी त्या कठड्यावरून खाली दरीत चालली होती आणि मी मूग गिळून गप्प उभी. बोलू काय? ज्यांनी गाडी शिकवली त्यांना, त्यांच्या मेहुण्यासमोर, तुम्हाला गाडी चालवता येत नाही असं सांगू? माझे डोळे भरून आले. आत्याने चूळ भरली, माझ्याकडे बघितलं, आणि बाटलीचं झाकण शांतपणे लावलं.

"गाडी पास आहे," ती म्हणाली.

"ताई, अगं तू आत्ताच..." बाबा म्हणाले.

"मी आत्ता काय केलं ते मला माहीत आहे. गाडीत खोट नाही. जाताना पोरीने चालवली तर मी झोपले." मग ती आतोबांकडे वळली. तिचा आवाज मी इतका मऊ कधी ऐकला नव्हता. "अहो, वळणात ब्रेक तुम्ही दाबता. दर वेळी. तुमच्या पायाला वाटतं, गाडी कोणी शिकाऊ माणूस चालवतोय."

"मी? वळणात ब्रेक?" आपल्यावर कोणी चोरीचा आळ घ्यावा तसे आतोबा बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "तू बघितलंस?"

"हो, आतोबा."

ते कठड्यावर बसले. नजर स्वतःच्या बुटावर. "मग ती हिरवी गाडी?"

"चांगली होती."

"आणि पांढरी?"

"ती तर गुणाची होती. तुम्ही विकलीत त्या दिवशी मला जेवण गेलं नाही."

"ताई, माझी पण एक नापास केली होतीस तू!" बाबा कळवळले.

"तुझी रंगानेच नापास होती," आत्या म्हणाली.

मला हसू फुटलं आणि ते दाबता दाबता खोकला आला. आतोबा हसले नाहीत. "अगं, पण मला सांगायचं ना!"

"काय सांगू? गाव तुम्हाला मास्तर म्हणतं. मास्तरांच्या शेजारी बसलं की बायकोला मळमळतं, हे बाहेर गेलं असतं तर क्लासची पायरी कोण चढलं असतं? त्यापेक्षा गाडीला नाव ठेवलं. गाडीला कुठे वाईट वाटतं?"

"मग आज का बोललीस?"

"आज पोरीची नोकरी आहे."

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घेऊन टाक गाडी. डॉक्टरांना आजच फोन करू."

आतोबा उठले आणि त्यांनी चावी माझ्या हातात दिली. "वेग वळणाआधी..." त्यांनी सवयीने सुरुवात केली आणि मध्येच थांबले. मला त्यांची इतकी माया आली, की मी वाक्य पुरं करायचा मोह आवरला. ते मागचं दार उघडून आत्यासाठी धरून उभे राहिले. ती आत बसली. मग खाली वाकून, आम्हाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, पण छोट्या गाडीत सगळं ऐकू येतं, त्यांनी विचारलं, "एवढा त्रास व्हायचा, तर इतकी वर्षं माझ्या शेजारी बसलीस कशाला?"

आत्याने आत सरकून त्यांना जागा करून दिली.

"मग काय दुसऱ्या कोणाच्या शेजारी बसू?"