दारेसलामची भाषा, र्युसेल्सहाइमचा वर्ग

ह्यांना दारेसलामच्या सिमेंट कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मुलगी जेमतेम चालायला लागली होती. सासूबाई फोनवर विचारायच्या, "तिथे भाजी मिळते का गं?" भाजी भरपूर मिळायची. माझं अडत होतं ते बोलण्यावाचून.

शेजारी पोस्टातून निवृत्त झालेल्या एक आजी राहायच्या. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती आपल्या सवयीने, फाटकाची कडी काढून थेट ओट्यावर. त्यांनी मला हाताने खूण करून परत बाहेर पाठवलं. "आधी 'होडी' म्हण, म्हणजे 'येऊ का?'," त्या इंग्रजीत म्हणाल्या. मी फाटकाबाहेर उभी राहून "होडी" म्हटलं. उत्तर नाही. पुन्हा जरा मोठ्याने म्हटलं. मग आतून खणखणीत "करीबू!" आलं, आणि आजी हसत येऊन मला हाताला धरून आत घेऊन गेल्या.

स्वाहिली मी त्या ओट्यावर शिकले, बहुतेक नारळ खवता खवता. त्यांची बसून खवायची खवणी आपल्या विळीसारखीच, पण तिला म्हणायचं 'म्बुझी', म्हणजे बकरी. गाडी ती 'गारी', दुकान ते 'दुका', रंग तो 'रंगी'. आपली माणसं गलबतांतून कधीच तिथे जाऊन आली होती, शब्द मागे ठेवून. फक्त 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ, हे पचायला मला वेळ लागला.

एकदा खवणीवर माझं बोट कापलं. आजी म्हणाल्या, "पोले. पोले साना."

"तुमची काय चूक? तुम्ही कशाला सॉरी म्हणता?"

"सॉरी कुठे म्हटलं मी? तुला लागलं, ते मला दिसलं, एवढंच."

संध्याकाळी त्यांचा रेडिओ लागायचा. कुठेतरी लांब युद्ध सुरू झाल्याची बातमी आली की त्या म्हणायच्या, "आता आपल्या गल्लीतला पाव लहान होणार." आणि तो व्हायचाही. जगाचं राजकारण मला त्या पावात दिसलं. त्याआधी ते पेपरातच असायचं.

मग ह्यांना जर्मनीत नोकरी मिळाली आणि आम्ही र्युसेल्सहाइमला आलो. चाळिशी उलटल्यावर मी पुन्हा पाटी-दप्तर घेऊन भाषेच्या वर्गात जाऊन बसले. घरी मुलगी शब्दांच्या लिंगाच्या चुका काढायची. "आई, डेअर नाही, दास!" मी मराठीत रागवायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची.

वर्गात माझ्या शेजारी युक्रेनमधली एक बाई बसायची. तिथे तिचं औषधांचं दुकान होतं. तिच्या गावावर बाँब पडले की आमच्या बाई धडा बाजूला ठेवून तिची चौकशी करायच्या. मागच्या बाकावर पूर्व काँगोतून आलेली एक तरुणी होती. ती कधीच काही बोलत नसे. आम्हाला वाटायचं, लाजाळू असेल.

एका सोमवारी ती उशिरा आली, डोळे लाल. बाईंनी कारण विचारलं. तिने जर्मन शब्द जुळवले, "आई. फोन. नाही."

"कुठे असते आई?"

"काँगो."

"अच्छा, आफ्रिका," कुणीतरी म्हणालं आणि पुस्तकाचं पान उलटलं.

मी मागे वळले. तोंडातून आपोआप निघून गेलं, "पोले साना, दादा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग बांध फुटावा तशी बोलू लागली. पूर्व काँगोतही स्वाहिली बोलतात, पण तिच्या स्वाहिलीत फ्रेंच मिसळलेलं, मला निम्मंच कळत होतं. तिच्या गावात बंडखोर शिरले होते. आई शेजाऱ्यांबरोबर पायी निघाली, आणि त्यानंतर तिचा फोन बंद.

"काय म्हणते ती?" बाईंनी मला विचारलं.

मी सांगितलं. डेअर, डी, दास सगळं चुकवत, धडाधड सांगितलं. त्या दिवशी कुणी माझं व्याकरण सुधारलं नाही. बाई नकाशाकडे वळल्या, पण भिंतीवर होता तो नुसत्या युरोपाचा. तेवढ्यात युक्रेनची बाई उठली, मागच्या बाकावर जाऊन तिच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "माझी आई पण. तळघरात." वर्ग संपेपर्यंत ती तिथून उठली नाही.

त्यानंतर रोज सकाळी दारातून आत येताना सगळे आधी मागच्या बाकाकडे बघायचे. ती मान हलवायची, नाही. एक दिवस ती बाकाशी उभीच होती. आई सीमा ओलांडून पलीकडच्या छावणीत पोचली होती, पाय सुजले होते पण जिवंत होती. युक्रेनची बाई सगळ्यांत जास्त रडली.

पुढे ती काँगोची तरुणी रविवारी आमच्याकडे येऊ लागली. मक्याच्या पिठाचा उगाली करायची, मी भरली वांगी करायचे. ती माझ्या बोलण्याला हसायची; म्हणायची, तू समुद्राकाठच्या मशिदीतल्या मौलवीसारखं शुद्ध बोलतेस. ती भांडी घासताना गुणगुणायला लागली की मला दारेसलामची उन्हं आठवायची, मीठ सुटलेल्या भिंती, ओट्यावर पसरलेला नारळाचा कीस. आजी तर आता राहिल्या नाहीत. ह्यांनी एकदा विचारलं, "तुला पुण्याची आठवण येते की दारेसलामची?" मी नारळ खवायला घेतला.

आता ती हायडेलबर्गला नर्सिंग शिकते. आई अजून सीमेपलीकडेच आहे, व्हिसाचं घोंगडं भिजत पडलंय. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिने व्हिडिओवर आईला माझी ओळख करून दिली. फोनच्या पडद्यावर एक बारीकसा चेहरा, डोक्याला हिरवं फडकं. मी स्वाहिलीत तब्येतीची, पायांची विचारपूस केली. आई लक्ष देऊन ऐकत होती. मग लेकीला म्हणाली, "ही समुद्राकडची दिसते."

"नाही गं, ती इंडियाची," लेक हसत म्हणाली.

"असू दे," आई म्हणाली. "बोलते समुद्राकडचीच."