मामाचं अकराशे वीस

माझा मामा बूट करतो. दुकानात मांडायचे नव्हेत. एक पाय आखूड, तळवा वाकडा, बोटं एकमेकांवर चढलेली, अशा माणसांचे. मामी म्हणते, लग्न ठरवायला आला तेव्हाही मेल्यानं आधी माझ्या पायांकडेच बघितलं.

दवाखान्यातून पावलाचं चित्र कॉम्प्युटरवर येतं. मामा जुन्या डबा मॉनिटरच्या काचेवर पातळ कागद चिकटवतो आणि पाऊल सरळ गिरवून घेतो. प्रिंटरवर त्याचा काडीचा विश्वास नाही. त्यासाठी त्यानं पडद्याचं रिझोल्यूशन, म्हणजे आडव्या ओळीत ठिपके किती ते, स्वतः ठरवलं होतं, अकराशे वीस. कुठल्याही यादीत नसलेला आकडा! काचेवर पट्टी धरून, पडद्यावरचे दहा सेंटिमीटर पट्टीवरही दहा भरेपर्यंत आठवडाभर आकडे बदलत बसला होता. मी हसले होते. कॉम्प्युटर दुरुस्त करते ना मी, मोठी शहाणी.

एके दिवशी पडदा काळा झाला. ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारा प्रोग्रॅम, बिघडला होता. मी जाऊन जुना काढला, नवा टाकला. नव्याच्या यादीत अकराशे वीस नव्हतं. हातानं घालता आलं असतं, पण तासभर गेला असता आणि मला दुसरीकडे पोचायचं होतं. जवळचं होतं अकराशे बावन्न. तेच लावलं.

"माप तेच आहे ना गं?" मामानं विचारलं.

"तेच रे मामा. बघ की, कसं लख्ख दिसतंय!"

पट्टी तिथंच खिळ्याला टांगलेली होती. मी धरून बघितली नाही. मामानंही नाही, कारण माप तेच आहे असं मी सांगितलं होतं.

महिन्याभरात चार जोड घट्ट होतात म्हणून परत आले. चौथा एका नऊ वर्षांच्या मुलीचा. तिच्या पावलांना स्पर्शच कळत नाही, त्यामुळे बूट चावत होता तेही कळलं नाही. मोजा काढला तर अंगठ्याला ही एवढी जखम. मामा त्या दिवशी जेवला नाही. गिरवलेले सगळे कागद त्यानं फाडून टाकले. "डोळे गेले माझे," म्हणाला.

"उद्या ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतेय," असा मामीचा फोन आला आणि मी हिशोब मांडला. ठिपके वाढले की चित्र आकसतं, अकराशे बावन्नवरही आकसलं होतं. वीस सेंटिमीटरच्या पावलात अर्ध्या सेंटिमीटरचा फरक! म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मग मी काय केलं? ते दोघं डॉक्टरकडे असताना शेजारणीकडून किल्ली घेऊन घरात शिरले, अकराशे वीस घातलं, पट्टी धरली. दहाला दहा. पुढचे जोड नीट होतील, कुणाला काही कळायचं नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. अशी मी.

डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. तेव्हा मामाला पहिल्यांदा पडद्याची शंका आली. घरी येऊन त्यानं चपलाही काढल्या नाहीत, आधी पट्टी धरली. दहाला दहा.

"डोळे बरे, पडदाही बरा," तो मामीला म्हणाला. "म्हणजे हातच गेला माझा."

आणि दवाखान्याला कळवून टाकलं, आता चित्रं पाठवू नका. त्याच्या बाजूनं साक्ष देणारा एकच होता, तो पडदा. त्याची साक्ष मीच पुसली होती.

चार दिवस तोंड शिवून बसले. पाचव्या दिवशी गेले तर मामा हत्यारांना तेल लावून फडक्यात गुंडाळत होता. मग मी सगळं ओकले. घाई, खोटं, शेजारणीची किल्ली, सगळं. आकडा बदलून त्याला पट्टीवरचा फरकही दाखवला.

"तो तू आत्ता बदललास म्हणून दिसतोय," मामा शांतपणे म्हणाला.

"अरे नाही रे, तेव्हाही हाच होता! माझ्या गळ्याची शपथ!"

"पुरे. म्हाताऱ्याचं मन राखायला सगळं स्वतःवर ओढून घेतेस, कळतं मला. मापाच्या बाबतीत तू मला फसवशील होय?" त्यानं माझे डोळे पुसले, आणि आत बघून म्हणाला, "अगं, हिला पाणी आण. पोर माझ्यासाठी रडतेय."