बारा जणांचं एकच उत्तर

आमच्या वाशीमजवळच्या मालेगावला परत आल्यापासून जो तो विचारतो, "जपानात भूकंप पाह्यला का?" भूकंप एकही लक्षात नाही. लक्षात राहिला तो आमचा भाषेचा वर्ग. एका खोलीत पाच देशांची बारा पोरं बसवायची आणि सगळ्यांना एकच उत्तर पाठ करायला द्यायचं. किस्से साठायला आणखी काय लागतं?

सुरुवात तशी वाशीमलाच झाली होती. आमच्या एजंटच्या ऑफिसात भिंतभर फुजी पर्वत. स्वारी स्वतः नागपूरच्या पुढे कधी गेलेली नाही. मी विचारलं, "दीड वर्षात भाषा पक्की होईल ना? मला तिथली पुस्तकं वाचायची आहेत."

तो मनापासून हसला. "पुस्तकं कायले, ताई? वाकाचं अन् हाव म्हनाचं. झालं जपानी!"

मी त्याला भामटा समजले. तिथली शाळा पाहिल्यावर कळलं, माणूस जाणकार होता!

*

शाळेचा देव एकच, हजेरी. ती घसरली की व्हिसा धोक्यात. व्हिएतनामचा मिन्ह पहाटे ब्रेडच्या कारखान्यात राबून यायचा आणि पहिल्याच बाकावर डोकं टेकून जेवणाच्या सुट्टीपर्यंत झोपायचा. महिनाभर बघितलं. शेवटी न राहवून सेन्सेईंना, म्हणजे आमच्या सरांना, विचारलं, "याला तुम्ही उठवत का नाही?"

त्यांनी रजिस्टर उघडून खात्री केली. "का? आलाय की तो!"

*

नोकरीच्या मुलाखतीत 'जपानला का आलात?' हा प्रश्न यायचाच. त्यासाठी शाळेचा छापील कागद होता: 'लहानपणापासून मला चेरीची फुलं आवडतात. मला दोन देशांमधला पूल व्हायचं आहे.' नेपाळची सुनीता पूल, उझबेकिस्तानचा तिमूर पूल, मिन्ह जागा असेल तेव्हा तोही पूल!

आमच्या जिल्ह्यातला आणखी एक जण वर्गात होता, रिसोडकडचा विष्णू. तो कागद वाचून हैराण.

"ताई, म्या तं ते झाड अजून पाह्यलंच नाही. लहानपणापासून कसं आवडन?"

"मग खरं ते लिही ना!"

"तू लिही आधी. लाल पेन कोणाकडं हाय, पाह्यलं ना?"

मी लिहिलं. चार दिवस खपून, एकेक शब्द पारखून. सेन्सेईंनी दोनदा वाचलं. "भाषा सुंदर आहे," म्हणाले आणि पानभर लाल रेघ ओढली. "पण हे तर तुमचं स्वतःचं उत्तर आहे!"

*

मार्चअखेर विष्णूचा आणि माझा व्हिसा संपत होता. नोकरी मिळाली तर राहायचं, नाही तर बॅग भरायची. मी निदान तावातावाने भांडून मोकळी व्हायचे. विष्णू आतल्या आत झुरायचा. घरून वडिलांचा फोन आला की स्पीकरवर ऐकू यायचं, "काहून रे, काही शिकून राह्यला, का नुसता वाकून राह्यला?"

फोन ठेवून तो म्हणायचा, "गावानं हार घालून पाठवलं, ताई. आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

एका हॉटेलात तिघांची एकत्र मुलाखत झाली. सुनीताने उत्तर म्हटलं. तिमूरने तेच, त्याच जागी श्वास घेऊन. तिसरा विष्णू. "लहानपणापासून मला..." एवढं म्हणून तो अडला.

"चेरीची फुलं," मुलाखत घेणाऱ्या बाईंनीच वाक्य पूर्ण केलं.

*

शेवटची संधी मिसोच्या कारखान्यात होती. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला लगदा. जपानी माणूस रोज त्याचं सूप पितो. आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. समोर टेबलावर सोयाबीनच्या नमुन्यांच्या वाट्या.

आधी माझी पाळी. मी माझं स्वतःचं उत्तर दिलं. मालकांनी मान तुकवली.

मग विष्णू. "लहानपणापासून मला..." पुन्हा अडला. हात नकळत वाटीत गेला आणि बाजार समितीत वडिलांच्या शेजारी उभं राहून हजारदा केलं तेच त्याने केलं. दाणा दाढेखाली धरला.

"वल्लं हाय, ताई!"

"काय म्हणाले हे?" मालकांनी मला विचारलं. मी भाषांतर केलं. दीड वर्षात पहिल्यांदाच माझं जपानी कुणाच्या कामी आलं.

मालकांनी ओलावा मोजायचं मशीन मागवलं. आकडा पाहिला. विष्णूकडे पाहिलं. जपानला का आलात, हे पुन्हा कुणी विचारलं नाही.

त्याला नोकरी लागली, व्हिसा वाढला. मला 'आपल्या यशासाठी आम्ही प्रार्थना करतो' असं सुरेख पत्र आलं.

विष्णूच्या नोकरीची बातमी शाळेत पोचली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सेन्सेई वर्गात आले ते सोयाबीनची वाटी घेऊन. नवा कागद वाटला. मग ओळीने एकेकाला पुढे बोलावून दाणा चावायला लावला. कुणी जोरात चावला, कुणी हळू. प्रत्येकाचा जबडा त्यांनी नीट करून दिला. मिन्हला तर उठवलं!

सुनीताने हात वर केला. "सेन्सेई, माझी उद्याची मुलाखत वृद्धाश्रमात आहे."

सेन्सेईंनी क्षणभर विचार केला आणि वाटी तिच्यापुढे सरकवली.

"मग तर आणखीच आत्मविश्वासाने चावा."