फुंकर डॉक्टरांची जाड वही

सरकारी दवाखान्याच्या बालविभागात जाऊन डॉक्टरांचं नाव विचारलं असतं, तर निम्म्या लोकांना ते सांगता आलं नसतं. पण ‘फुंकर डॉक्टर’ म्हटलं की बाकावरचं शेंबडं पोरही बोट दाखवायचं. छातीला नळी लावण्याआधी तिच्या थंडगार चकतीवर डॉक्टर तीनदा फुंकर मारायचे. पहिली चकती गरम व्हावी म्हणून, दुसरी पोरानं हसावं म्हणून, आणि तिसरी कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरी चहाच्या कपावरही तीनच फुंकरा जायच्या. एकदा वरचे मोठे साहेब तपासणीला आले आणि छातीत जळजळतंय म्हणाले. डॉक्टरांनी नळी काढली आणि साहेबांसमोरही तीन फुंकरा मारल्या. साहेब म्हणाले, “आता मी रडायचं का?”

असा हा माणूस पस्तीस वर्षं एकाच खोलीत बसला. लोखंडी टेबल, हिरवा पडदा, पोरांना निजवून तोलायचा काटा, आणि भिंतीवर उंची मोजायला रंगवलेला जिराफ. हजारो डोकी टेकून टेकून जिराफाच्या मानेचा रंग पार उडाला होता. खोलीला एकच खिडकी, तिला गज, आणि गजांपलीकडे रस्त्याच्या कडेला बसथांबा. तिथून रोज सव्वाचारला एक लाल बस सुटायची. ती सहा तासांवरच्या एका गावाला जायची, आणि त्या गावात डॉक्टरांची लेक राहायची. रोज सव्वाचारला डॉक्टर हातातलं पोर घेऊन खिडकीशी यायचे आणि त्याला म्हणायचे, “ती बघ, गेली बस.” पोराला गंमत वाटायची. मोठ्या सिस्टर मात्र तेवढ्यापुरत्या पाठ फिरवून कापूस मोजत बसायच्या.

त्या लेकीची एक गोष्ट सांगायलाच हवी. सात वर्षांची असताना तिचा कान ठणकायला लागला. दोन दिवस ती सांगत होती, आणि दोन दिवस डॉक्टर म्हणत होते, “आल्यावर बघतो हं.” आल्यावर म्हणजे ती झोपल्यावर. तिसऱ्या दिवशी शाळा सुटली तशी ही बया सरळ दवाखान्यात गेली, खिडकीवर केसपेपर काढला आणि रांगेत उभी राहिली. तेवीस नंबर. आत गेली तेव्हा डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते.

“काय होतंय बाळा?”

“कान दुखतोय.”

“किती दिवस?”

“तीन.”

“मग इतके दिवस घरचे काय करत होते?”

“आई रोज सांगत होती. बाबा दवाखान्यात होते.”

डॉक्टरांनी मान वर केली. मोठ्या सिस्टर अजून सांगतात, त्या दिवशी त्यांनी फुंकर न मारता नळी थेट पोरीच्या कानावर ठेवली. कान तपासायला नळी लागत नाही हे त्यांच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

लेक मोठी झाली, लग्न करून गेली, तिला मुलगी झाली. विभागात डॉक्टर एकच, त्यामुळे रजा मिळायची ती दीड दिवसाची. ती घेऊन ते एकदा जाऊन आले. तो सगळा दीड दिवस नात झोपलेली होती. पुढे ती त्यांना फोनवरच बघायची, आणि तिची ठाम समजूत झाली की आजोबा फोनातच राहतात. एकदा तिनं काळजीनं विचारलं, “तिथे तुम्हाला जेवायला कोण देतं?”

डॉक्टरांची बायको शाळेत गणित शिकवायची. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. तिला डॉक्टरांनी शब्द दिला होता, की नात रांगायला लागायच्या आत आपण लेकीकडे जायचं आणि तिथेच राहायचं. मग म्हणाले, चालायला लागायच्या आत. मग बोलायला लागायच्या आत. मास्तरीणबाई दर वेळी काढलेली तिकिटं परत करून यायच्या.

मध्यंतरी डॉक्टर निवृत्त झाले. निरोपाची भाषणं झाली, सगळ्यांचा फोटो निघाला, हेडक्लार्कच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला डॉक्टर पुन्हा त्याच खुर्चीत. दुसरं कुणी यायला तयारच नव्हतं. वरून पत्र आलं, की नवा डॉक्टर येईल, त्याला आठ दिवस काम समजावून द्यावं, त्यानं ताबा घेतल्याची सही केली की आपण मोकळे. तोवर मुदत वाढवली आहे.

आता काम समजावून द्यायचं म्हणजे नीट द्यायला नको? डॉक्टरांनी एक वही केली. विभागात वर्षानुवर्षं येणारी चारशे पोरं, प्रत्येकाला एक पान. कोणाला गोळी चुरून द्यायची, कोण सुई बघून पळतं आणि कुठल्या दारानं पळतं, कोणाचा बाप विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. वही उशीएवढी जाड झाली. फक्त त्यांचं अक्षर त्यांना एकट्यालाच लागायचं. औषधाच्या दुकानदारानंसुद्धा वीस वर्षांपूर्वीच हात टेकले होते. तेव्हा ते नव्या डॉक्टरला वही स्वतः वाचून दाखवायचे.

पहिला आला तो चष्मेवाला तरुण, मोठा हुशार. तीन दिवसांत साठ पानं ऐकली. चौथ्या दिवशी खुर्ची रिकामी आणि टेबलावर चिठ्ठी: आजी अत्यवस्थ. दुसरा जरा दमाचा होता. त्यानं पाच दिवस काढले, एकशे दहाव्या पानापर्यंत आला. मग विचारलं, “सर, हे सगळं लक्षात ठेवायचं?”

“छे छे. नुसतं विसरायचं नाही.”

त्यानं दुसऱ्याच दिवशी बदली करून घेतली.

त्या संध्याकाळी जेवताना मास्तरीणबाई म्हणाल्या, “अहो, ते कामाला घाबरून नाही पळाले. तुम्हाला घाबरून पळाले.”

“मी काय केलं? मी तर मदत करत होतो.”

“पहिल्याच दिवशी अख्खं पुस्तक वाचून दाखवलं की वर्ग रिकामा होतो. मी पस्तीस वर्षं हेच बघितलंय.”

डॉक्टर भात कालवत राहिले. वाद न घालायला कारण होतं. चष्मेवाल्याची चिठ्ठी वाचली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला होता खरा, पण आत कुठेतरी त्यांना बरंही वाटलं होतं. बघा, जमलं का कुणाला? दार बाहेरून बंद आहे असं ते जगाला सांगत होते, आणि कडी आतून त्यांनीच लावली होती.

“ऐका,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “तिसऱ्या डॉक्टर येतायत. त्यांचे आठ दिवस भरतील त्या शुक्रवारी सव्वाचारच्या बसची दोन तिकिटं मी काढलीयत. मी जाणार. तुम्ही आलात तर खिडकीची जागा तुमची, नाही आलात तर तिथे पिशवी ठेवीन. सोमवारी नातीचा शाळेतला पहिला दिवस आहे, तो मला बघायचाय. आणि या खेपेला मी परत येणार नाही.”

आवाज चढला नव्हता. चढला असता तर डॉक्टरांनी समजूत घातली असती.

“वही वाचणार नाही,” ते म्हणाले.

तिसऱ्या आल्या त्या पन्नाशीच्या, भरभक्कम, आवाज व्हरांड्याच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा. सिस्टरांनी अर्ध्या दिवसात त्यांना ‘बुलडोझर’ नाव ठेवलं. डॉक्टरांनी वही खालच्या ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं आणि आठ दिवस जिभेलाही. कपाटं दाखवली, लसींचा फ्रिज दाखवला, जिराफ दाखवला. एकेक ओळखीचं पोर आत यायचं आणि त्याचं पान डॉक्टरांच्या घशाशी यायचं. मग ते खोकायचे. सहाव्या दिवशी बाई म्हणाल्या, “सर, तो खोकला एकदा तपासून घ्या.”

शुक्रवारी दुपारी पावणेचारला बाईंनी सही केली. किल्ल्यांचा जुडगा उचलत विचारलं, “आणखी काही सांगायचं राहिलंय?”

डॉक्टरांनी तोंड उघडलं. चारशे पानं ओठांपर्यंत आली.

“काटा शंभर ग्रॅम जास्त दाखवतो.”

“ते मला पहिल्याच दिवशी कळलं.”

झालं. पस्तीस वर्षांनी डॉक्टर त्या दारातून रिकाम्या हातानं बाहेर पडले. आणि व्हरांड्यातल्या बाकावर भिंगरी बसली होती.

भिंगरी म्हणजे इस्त्रीवालीची आठ वर्षांची मुलगी. तिला फिट्स यायच्या. दोन वर्षांपूर्वी फिट्स थांबेनात तेव्हा डॉक्टरांनी औषध वाढवलं होतं. आई म्हणायची रोज दोन चमचे देते, प्रत्यक्षात देत होती एकच. त्या आठवड्यात पोरगी आजीकडे राहिली. आजीनं इमानेइतबारे सगळा वाढीव डोस पाजला, आणि भिंगरी दोन दिवस अशी झोपली की वॉर्डात सगळ्यांची पाचावर धारण बसली. तेव्हापासून तिच्या पानावर मोठ्या अक्षरात होतं: आई खोटं सांगते. आधी बाटली बघावी.

“डॉक्टर, तुम्ही बाहेर कसे?” इस्त्रीवाली म्हणाली.

“माझा नंबर लागायचाय,” असं म्हणून डॉक्टर बाकाच्या टोकाला टेकले. “हिला पुन्हा आली?”

“दोनदा आली या आठवड्यात.”

“औषध?”

“देते की. दोन चमचे.”

“नव्या बाईंना खरं काय ते सांग हं.”

“मी कधी खोटं सांगितलंय?”

डॉक्टरांनी मान वळवली. व्हरांड्याच्या जाळीतून समोरचा थांबा दिसत होता. चारला पाच मिनिटं कमी होती. मास्तरीणबाई दोन बॅगा आणि एक पिशवी घेऊन उभ्या होत्या. एकदाही त्यांनी दवाखान्याकडे बघितलं नाही. आत जाऊन एक वाक्य सांगायला कितीसा वेळ लागतो? पण एकाचं सांगितलं की दुसऱ्याचं आठवणार, दुसऱ्याच्या मागे तिसरा, आणि सव्वाचारची बस गजांतून बघावी लागणार. आणि नाही सांगितलं, बाईंनी विश्वासानं डोस वाढवला, आणि पुन्हा आजीनं पाजला तर?

भिंगरीचा नंबर लागला. ती आईचं बोट धरून आत गेली. पडदा पडला. डॉक्टर बाकावरून सरकत सरकत दारापाशी आले, कान पडद्याला. थांब्यावर बस येऊन लागली.

“औषध रोज देता?” बाईंचा दणदणीत आवाज.

“रोज. दोन चमचे.”

मग नुसती पेनाची कुरकुर. बाई लिहीत होत्या. डॉक्टर अर्धवट उठले. एक हात पडद्यावर गेला.

“ही बाटली कधी घेतली?” पेन थांबलं.

“गेल्या महिन्यात.”

“रोज दोन चमचे, मग अर्धी भरलेली कशी?”

डॉक्टरांचा हात पडद्यावर तसाच.

“मी रागावत नाहीये,” बाई म्हणाल्या, आणि तो आवाज एवढा खाली येऊ शकतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. “का देत नाही, ते सांगा.”

इस्त्रीवाली म्हणाली, “झोपते हो ती. शाळेत बाकावर झोपते. शिकवणाऱ्या बाई उठवतात, मुलं हसतात. घरी येऊन रडते. मग सकाळी नाहीच देत मी.”

“हे आधी कुणाला सांगितलं होतंत?”

“कुणी विचारलं नाही.”

डॉक्टरांनी पडद्यावरचा हात काढला. चारशे पानं लिहिली, बाटली बघायची युक्ती लिहिली, आईला खोटारडी ठरवली. का देत नाहीस एवढं विचारायचं मात्र दोन वर्षांत सुचलं नव्हतं. बाहेर रांग असायची ना.

“असं करू,” आत बाई सांगत होत्या, “सकाळचं कमी, संध्याकाळचं जास्त. पंधरा दिवसांनी मला दाखवा. ये गं भिंगरी, नळी लावू.” पडद्याच्या फटीतून दिसलं, बाईंनी चकती बाहीवर खसाखसा घासली. फुंकर नाही. पण चकती गरम झाली असावी, कारण भिंगरी दचकली नाही.

समोर बसनं हॉर्न दिला. बासष्ट वर्षांचा माणूस व्हरांड्यातून धावला तेव्हा हेडक्लार्क ओरडला, “काय झालं, कोण सीरियस आहे?”

खिडकीच्या जागेवर पिशवी ठेवलेली होती. मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे न बघता ती उचलून मांडीवर घेतली. डॉक्टर बसले, धापा टाकत. बस हलली. गज असलेली ती खिडकी बाहेरून किती लहान दिसते, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

गाव संपायच्या आत फोन वाजला. दवाखान्याचा नंबर. दोघांनीही तो बघितला. डॉक्टरांनी सात वेळा वाजू दिला, आठव्याला बायकोकडे पाहिलं. ती बाहेर बघत म्हणाली, “घ्या. नाहीतर सहा तास मला तोंड बघावं लागेल ते.”

“सर,” बुलडोझरबाईंचा आवाज अख्ख्या बसनं ऐकला, “खालच्या ड्रॉवरमध्ये एक वही सापडली. ही कुठली लिपी आहे?”

“तुम्ही उघडलीत?”

“पोरांची दिसतेय, म्हणून उघडली. भिंगरीचं पान शोधतेय. एक ओळ लिहायची होती.”

“एकशे बेचाळीस,” डॉक्टर म्हणाले. “तिथे वर मोठ्या अक्षरात लिहिलेली ओळ आहे ना, ती खोडून टाका. तुम्हाला आज जे कळलं ते लिहा.”

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. “खोडली. आणि सर, हे पहिलं पान कुणाचं? मला एक अक्षर लागत नाही. कामाचं असणार, वही टाकवत नाही.”

डॉक्टरांचा चेहरा खुलला, मग पडला, मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. मास्तरीणबाईंनी हात पुढे केला आणि फोन घेतला. “नमस्कार. मी यांची घरची. रोज एक पान सांगतील, दुपारी नात झोपली की. दुसरं पान मागितलंत तर नंबर बदलू.” फोन परत देत त्या पुटपुटल्या, “चारशे पानं. वर्ष आणि वर पस्तीस दिवस.”

“एवढे?” डॉक्टर म्हणाले.

“पस्तीस वर्षांपुढे सुटकाच म्हणायची याला. सांगा आता आजचं.”

बस चढाला लागली होती. डॉक्टरांनी डोळे मिटले आणि पहिलं पान तोंडपाठ सांगायला सुरुवात केली.