बोटीतून काही टाकायचं नाही

अण्णांच्या बोटीत बसलेल्या माणसाला पहिला धक्का जेवणाच्या वेळी बसायचा. सायखेड्याच्या खाली गोदावरीचा फुगवटा पसरतो, तिथे हिवाळ्यात लांबलांबचे पक्षी उतरतात. अण्णा दहा-पंधरा पाहुण्यांना ते दाखवून आणत आणि दुपारी काठच्या गावात उतरवत. जेवण गावातल्याच एखाद्या घरी. घरांची पाळी ठरलेली. पाहुणे भुकेने कासावीस झालेले असत, आणि पहिली पंगत मात्र बोट चालवणाऱ्या रामदासची आणि त्याच्या जोडीदाराची.

"आम्ही काय नुसतं बघायचं?" कुणी ना कुणी विचारायचंच.

"बघा की. तुमचा जीव दिवसभर त्यांच्या हातात आहे. उपाशी माणसाच्या हातात मी तो देत नाही."

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात अण्णा आणि मी बरोबर होतो. निवृत्तीनंतर बाकीच्यांनी गुडघ्यांच्या तक्रारी सुरू केल्या, अण्णांनी बोट घेतली. मी रविवारी तिकिटं द्यायला जाई. खरं तर भाकरी आणि ठेच्यासाठी. अण्णा स्वभावाने गोड मुळीच नव्हते. पाहुण्यांना ते विद्यार्थ्यांसारखं वागवत.

त्यांचा दुसरा नियम असा, की बोटीतून पाण्यात काही टाकायचं नाही. शेंगांची टरफलं नाहीत, निर्माल्य नाही, काहीच नाही. सुरुवातीला कुणीतरी शांत जागा म्हणून अस्थी विसर्जन करून गेलं. मग दुसरे आले, तिसरे आले, आणि रामदासच्या भावकीच्या जाळ्यांत हार, नारळ, प्लास्टिकच्या पिशव्या येऊ लागल्या. "त्यांचं पोट या पाण्यावर आहे. आपण इथे पाहुणे," अण्णा म्हणाले, आणि विषय संपला.

तो पुन्हा निघाला त्यांच्याच घरातून. त्यांच्या थोरल्या बहिणीचे, कळवणच्या आक्कांचे, यजमान गेले. ते दर हिवाळ्यात या बोटीत येऊन बसत, म्हणून आक्का अस्थींचा कलश घेऊन थेट धक्क्यावर आल्या.

"आक्का, तू बस. कलश घेऊन बस. पण पाण्यात सोडायचं नाही."

"माझ्या माणसाला नाय म्हणतोस?"

"सगळ्यांनाच नाही म्हणतो."

आक्का बोटीत बसल्या नाहीत. तशाच नाशिकला रामकुंडावर गेल्या. त्या वर्षी भाऊबीजेला अण्णा कळवणला गेले, तेव्हा आक्कांनी ताट वाढलं, पण ओवाळलं नाही. पुढेही नाही. मी एकदा म्हटलं, एवढा एक अपवाद करायचा होता. अण्णा म्हणाले, "मग रामदासला कुठल्या तोंडाने सांगू?" मला ते तेव्हा हटवादी वाटले. आजही थोडे वाटतात.

गेल्या हिवाळ्यात अण्णा झोपेतच गेले. त्यांचा मुलगा सुहास कलश घेऊन धक्क्यावर आला. वडिलांना त्यांच्याच पाण्यात सोडायचं, असं त्याने ठरवलं होतं. रामदास मान खाली घालून उभा राहिला. मालकाच्या मुलाला नाही म्हणायचं, की मालकाचा शब्द मोडायचा? आक्काही आल्या होत्या. सगळे त्यांच्याकडेच बघू लागले.

"बोटीतून काय टाकायचं नाय," आक्का म्हणाल्या. "माझ्या माणसाला नाय म्हणला होता तो. आता त्यालाबी नाय."

सुहासचा चेहरा उतरला. मला वाटलं, म्हातारीने इतक्या वर्षांचा हिशेब चुकता केला. पण त्यांनी हात पुढे केले, कलश मागून घेतला आणि रामदासचा खांदा धरून बोटीत पाऊल ठेवलं.

"एक फेरी मार, बाबा. मग रामकुंडावर नेऊ."

रामदासने नेहमीच्याच वाटेने बोट नेली. आक्कांनी पक्ष्यांकडे पाहिलं नाही. कलश मांडीवर घेऊन, पदराने झाकून, दोन्ही हातांनी घट्ट धरून त्या बसल्या होत्या. धक्का जवळ आला तेव्हा एवढंच म्हणाल्या,

"ओवाळायचं राहूनच गेलं रे."