साडेसहाला मोटारी बंद

सई, चिन्मय,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला त्या नव्या मालिकेचा ट्रेलर दाखवलात. तुमच्या फॅन ग्रुपवर म्हणे काउंटडाउन चाललंय... अकरा दिवस राहिले, दहा दिवस राहिले. ट्रेलरमध्ये एक बाई विहिरीतून हाका मारते, आणि तू, चिन्मय, हसत म्हणालास, "आजी, कसला भारी आवाज आहे ना!" मी कॉल बंद केला. तुमच्या आईला वाटलं नेट गेलं. नेट गेलं नव्हतं. मला राग आला होता, आणि तो अजून उतरलेला नाही.

मग सईचा मेसेज आला — आजी, तुझ्याकडे एखादा अमानवीय अनुभव असेल तर लिही ना, मालिका सुरू होईपर्यंत ग्रुपवर सगळे असेच किस्से टाकतायत. ठीक आहे. लिहिते. टाक. पण एक अक्षर कापायचं नाही.

ग्रुपवरच्या अनोळखी वाचकांसाठी सांगते. मी तेहेतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. माझ्या घरात लिंबू आणि मिरची फक्त लोणच्यासाठी आली. भूत, भानामती, अंगात येणं... असलं काही मी तेव्हा मानत नव्हते, आज ऐंशी ओलांडल्यावरही मानत नाही. मग खाली लिहिलंय ते काय, असं विचाराल. ते मला माहीत नाही.

ठिकाण जऊळका. वाशीम तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यातच मोडायचो. काळ सत्तरच्या दशकाच्या मधला, एप्रिल महिना, गुरुवार. नेमकी तारीख माझ्या डायरीत आहे, पण ती इथे देणार नाही. त्या बाईची मुलं-नातवंडं आहेत.

तुमचे आजोबा तिथे स्टेशनवर तारबाबू होते. मी शाळेत. आमचं भाड्याचं घर गावाच्या कडेला, आणि मागे नामदेवचा मळा. नामदेव आणि त्याची बायको कौसा वांगी, मेथी, सांबार — तुमच्या भाषेत कोथिंबीर — लावायचे आणि सकाळच्या पॅसेंजरने माल बाजाराला पाठवायचे. त्यांची विहीर आमच्या ओसरीपासून दोनशे चाळीस पावलं. मध्ये गोठा आणि तुऱ्हाट्यांचा, म्हणजे वाळलेल्या तुरीच्या काड्यांचा ढीग. आजोबांनी हे अंतर नंतर तीन वेळा मोजलं, म्हणून एवढं नक्की सांगते.

टीव्ही आम्ही फक्त ऐकून होतो. आमच्याकडे होता ट्रान्झिस्टर, चार सेलचा. गल्लीतला सर्वांत चांगला. आणि त्या वर्षी रेडिओवर जाहीर झालं की दर गुरुवारी पावणेसातला गूढ नाटकांची मालिका सुरू होणार, तेरा भाग. महिनाभर आधी जाहीर झालं, आणि गाव वेडं झालं. काउंटडाउन तुमच्या पिढीने काढलं असं वाटतं का तुम्हाला? किराणा दुकानवाले सुवालालशेठ दुकानाच्या फळीवर रोज खडूने उरलेले दिवस लिहायचे. साबण घ्यायला गेलेला माणूस आधी आकडा बघायचा, मग साबण मागायचा.

"बाई, सेल माह्याकडून," शेठ म्हणाले. "नवे कोरे. नाटकात भूत येईन अन् सेल बसतीन, असं नाई झालं पाह्यजे."

नामदेवची आई जिजाबाई रोज विचारायची, "त्याच्यात चकवा असन का वो बाई? चकवा असन तरच येतो मी. निरं रडणं-बोंबलणं असन त घरीच लय हाय."

अडचण एकच होती. आजूबाजूच्या तीन विहिरींवर विजेच्या मोटारी होत्या, आणि त्या चालू असल्या की रेडिओत अशी घरघर यायची की माणसाचं बोलणं कळू नये. तेव्हा मी नियम केला. मला नियम करायची सवय, ते तुम्हाला ठाऊक आहे. एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं : गुरुवारी साडेसहाला मोटारी बंद. सव्वासातला चालू. खाली माझी सही. तो कागद सुवालालशेठच्या दुकानात चिकटवला. शाळेतल्या बाईंचा कागद म्हटल्यावर कुणी वाद घातला नाही.

त्या गुरुवारी चार वाजता कौसा मागच्या दाराशी आली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला फडकं. त्यांच्या विहिरीतला गाळ काढणं चाललं होतं. ती खाली घमेली भरायची, नामदेव वरून दोराने ओढायचा. काम चालू असताना पाणी साचू नये म्हणून मोटर सारखी पाणी उपसत असे.

"बाई, झरे कसे मोकळे झाले, पाहा तुमी येऊन," ती म्हणाली. तिला फार आनंद झाला होता. "आज सरते. हातपाय धुतो, मेथी बांधाची राह्यली सकाळच्या गाडीसाठी, तरी येतोच मी. पहिला भाग नाई सोडत. माही जागा धरून ठेवजा."

मी ओसरीच्या खांबाशी एक पोतं घडी करून ठेवलं. कौसाची जागा.

साडेसहाला सगळे जमले. पस्तीस-चाळीस माणसं असतील. मोटारी एकेक करून बंद झाल्या, आणि ती शांतता ऐकून लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. नामदेव घाम पुसत आला. मी विचारलं, "कौसा?"

"येऊन राह्यली मागून. हातपाय धुऊन राह्यली."

रेडिओवर बाजारभाव चालले होते. मी घड्याळ समोर ठेवून बसले होते. सहा छत्तीसला बाजारभाव मध्येच तुटले. जरा खरखर... आणि मग एका बाईचा आवाज. घागरीत तोंड घालून बोलावं तसा.

"पाणी वर येऊन राह्यलं."

ओसरीवरच्या माना रेडिओकडे वळल्या.

"गुडघ्याले लागलं... पाय निघत नाई... धोंडा बसला पायावर."

सुवालालशेठनी मांडीवर थाप मारली. "पाहा! आपल्या बोलीत हाय! म्या म्हनलं होतं ना, पुन्यावानी नसन!"

"लय थंड हाय," आवाज म्हणाला. "कंबरीले आलं."

जिजाबाई पदर तोंडाला लावून पुढे सरकली. "मेली बिचारी. आता इची हडळ होईन पाहा."

लोक हसले. नामदेवही हसला. अकरा वर्षं ज्या बाईच्या हातची भाकर खाल्ली, तिचा आवाज त्या माणसाला ओळखू आला नाही.

मी घड्याळ पाहिलं. सहा एकोणचाळीस. नाटकाला सहा मिनिटं होती. ना संगीत, ना निवेदिका, ना मालिकेचं नाव. रेडिओ असा कधी सुरू होत नाही. आणि खांबाजवळचं पोतं रिकामं होतं. कुणीतरी त्याच्यावर चपला काढल्या होत्या.

मी उभी राहिले. म्हणाले, "अहो, अजून वेळ झालेली नाही. हे नाटक नव्हे."

"बाई, बसा न खाली," मागून कुणीतरी ओरडलं. "तुमची घडी मागं असन."

"आयकू द्या वो बाई! शाळेत त रोजच गप बसवता."

पुन्हा हशा. आणि मी खाली बसले.

हे वाक्य नीट वाचा. मी खाली बसले. माझं घड्याळ मागे नव्हतं. ते मी रोज सकाळी आजोबांच्या स्टेशनच्या घड्याळाशी लावायचे, ते कधी मागे नव्हतंच. तरी बसले.

पाच मिनिटं. तो आवाज थांबून थांबून बोलत होता, ओरडत नव्हता. तुमच्या ट्रेलरमधली बाई किंचाळते. खरी माणसं तशी किंचाळत नाहीत. "छातीले आलं," म्हणाला. मग बराच वेळ नुसती खरखर. मग अगदी हळू, घरातलं काम आठवल्यासारखा — "मेथी बांधाची राह्यली... गाडी चुकन आता."

त्याच क्षणी, पावणेसातला, संगीत सुरू झालं. गोड आवाजाची निवेदिका आली, मालिकेचं नाव सांगितलं, पहिला भाग सुरू झाला. डोंगरावरचा बंगला, पियानो, कोणी बॅरिस्टर. लोक एकमेकांकडे पाहू लागले. शेठ म्हणाले, "पह्यलं ते झलक होती वाटते."

मी उठले आणि रेडिओ बंद केला. काय गिल्ला झाला! मला कधी कुणी तोंडावर बोललं नव्हतं असं लोक बोलले. एकाने हात पुढे केला चालू करायला, तर मी मागचं झाकण उघडून चारही सेल काढून हातात घेतले.

आणि तो डबा, सेल नसलेला, म्हणाला — "माही जागा धरली असन बाईनं."

चिन्मय, तुझ्यासारखी तिथे बरीच तरणी माणसं होती. एकही हसला नाही. नामदेव पहिला पळाला. अनवाणी, तुऱ्हाट्यांवरून. जिजाबाई "कौसे!" म्हणून जी ओरडली, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

दोघं मोटरपाशी गेले — जी त्या वेळी चालू असायला हवी होती ती — आणि तिचा खटका दाबला. नामदेव दोराने खाली उतरला. वर यायच्या आधी कौसा तळाशीच हातपाय धूत थांबली होती; बांधकामातला एक दगड निसटून तिच्या पायावर बसला होता, तिला उभं राहता येत नव्हतं. मोकळ्या झालेल्या झऱ्यांनी पाणी हनुवटीला आणलं होतं. डोकं मागे टाकून ती आभाळाकडे बघत होती. पहार घालून दगड हलवायला वीस मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ नामदेवने तिचं डोकं आपल्या हातांनी वर धरून ठेवलं.

ती वाचली. पाय मात्र घोट्यातून गेला तो गेलाच. पुढे ती कायम लंगडतच चालली, मेथीच्या जुड्यांचं गाठोडं डोक्यावर असतानाही.

आता अमानवीय म्हणतात तो भाग. तार, बिनतारी, वीज, या सगळ्याचं शास्त्र तुमच्या आजोबांना पाठ होतं. त्यांनी महिनाभर वह्या भरल्या. मोटारीची वायर, ओली जमीन, पत्र्याचं छप्पर... शेवटी म्हणाले, "सेल असते तर मी काहीतरी सांगू शकलो असतो." वही मिटली, पुन्हा उघडली नाही.

आणि त्यावर कौसाने जे सांगितलं ते असं. मी तिला बघायला गेले होते, पाय बांधलेला, खाटेवर. मी म्हटलं, "तुझ्या हाका ऐकू आल्या गं, पण आम्हाला कळायला उशीर झाला." तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं.

"हाका? म्या हाक मारलीच नाई बाई."

"असं कसं?"

"कोनाले मारू? सारे त तुमच्याकडं होते. मोटर बंद झाली तवाच समजलं मले, साडेसहा झाले म्हनून. कोनी येत नाई आता सव्वासातलोक. मनातल्या मनात बोलत होती मी, बस. तोंड त मिटूनच ठेवलं होतं... पाणी जाईन म्हनून."

सव्वासात. माझ्या कागदावर सही करून मी लिहिलेली वेळ. ती तिला पाठ होती.

तुम्हाला वाटेल गाव सुधारलं, मालिका कुणी ऐकली नाही. पुढच्या गुरुवारी सहा वाजताच तीस माणसं आमच्या ओसरीवर हजर होती. सुवालालशेठ नवे सेल घेऊन आले होते. "बाई," म्हणाले, "झालं ते झालं. पन पुढचे भाग कायले सोडाचे?" आणि एकाने मला खरोखर विचारलं की त्या दिवसाची विहिरीतली बाई पुन्हा येणार का, कारण ती बॅरिस्टरपेक्षा चांगली होती! मी दार लावून घेतलं. ट्रान्झिस्टर आजोबांनी स्टेशनवर नेऊन दिला. दुकानातला कागद मी स्वतः नखांनी खरवडून काढला. डिंक चांगला होता, कोपरे राहिलेच.

सई, तुझ्या ग्रुपवर कुणीतरी विचारेलच — आजी, मग याचं स्पष्टीकरण काय? बिनसेलच्या डब्यातून न बोललेली बाई कशी बोलली, ते मला पन्नास वर्षांत कळलेलं नाही, आणि आता कळेल असं वाटत नाही.

पण मी खाली का बसले, हे कोडं नाही. लोकांच्या हसण्याला भिऊन बसले असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. आजोबांनाही तेच सांगितलं. खोटं होतं ते. फळीवरचे आकडे महिनाभर मीही रोज वाचत होते. पाणी कंबरेपर्यंत आलं होतं, आणि पुढे काय होतं ते मला ऐकायचं होतं.

— आजी