मॅचऐवजी मीच

चहा घेताय ना? मग तोंडातला घोट आधी गिळून घ्या. आता जी फजिती सांगणार आहे, ती आठवून आमच्या समीरच्या नाकातून एकदा चहा आलाय!

तर लिनक्सच्या कॉम्प्युटरवर टीव्ही कार्ड बसवणं हे काय दिव्य असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. कार्ड म्हणजे बोटभर वस्तू. एका बाजूला सेट-टॉप बॉक्सची वायर, दुसरी बाजू कॉम्प्युटरला, की झाला कॉम्प्युटरचा टीव्ही. झाला म्हणजे, व्हायला पाहिजे! प्रत्यक्षात तो इतके प्रश्न विचारतो की माणूस म्हणतो, जाऊ दे, नकोच तो टीव्ही.

म्हणून मी सेटअपचं एक टूल बनवलं. एकच हिरवं बटण. चित्र कुठून येतंय, आवाज कुठून येतोय, सगळं ते आपलं आपण शोधणार आणि थेट मोठ्या पडद्यावर लावणार. प्रश्न एकही नाही! समीर, म्हणजे माझा नवरा, म्हणाला होता, "अगं, शेवटी निदान चित्र दाखवून 'हेच ना?' एवढं तरी विचार."

मी म्हटलं, "विचारायचंच कशाला? माझं टूल चुकत नसतं."

इथेच माशी शिंकली.

तेव्हा सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे कलकत्त्यात, बेहालाला आल्या होत्या. बंगालीचा गंध नाही, हिंदी पक्की सातारी, पण गल्लीतल्या क्लबात माझ्यापेक्षा त्यांच्याच ओळखी जास्त. आणि ऐन फुटबॉलच्या मोठ्या मॅचच्या दिवशी क्लबचा टीव्ही गेला! इथे फुटबॉल म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी घरात एका टीमचा मासा इलिश करायचा की दुसरीची चिंगडी, म्हणजे कोळंबी, यावरून नवराबायको बोलायचे बंद होतात. क्लबचे सेक्रेटरी घोषालदा डोक्याला हात लावून बसलेले. सासूबाई छाती पुढे काढून म्हणाल्या, "चिंता मत करो. मेरी सून है ना! उसने कॉम्प्युटर का टीव्ही बनाया है."

मला न विचारता हो! आता सगळ्या गल्लीसमोर त्यांचा शब्द जायचा की राहायचा, ते माझ्या हिरव्या बटणावर आलं.

हॉलमध्ये कोणाचा तरी प्रोजेक्टर लावला. सेट-टॉप बॉक्स शेजारच्या कॅरमच्या खोलीत, म्हणून माझा लॅपटॉपही तिथेच, लांब वायरनं प्रोजेक्टरला जोडलेला. समीर मदतीला. सासूबाई हॉलमध्ये पहिल्या रांगेत, मांडीवर स्वतः केलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा, येईल त्याच्या हातात एक लाडू. दोन आम्हालाही आले. मी दार लोटलं, बटण दाबलं. लॅपटॉपवर फक्त अक्षरं आली: "चित्र मिळालं. आवाज मिळाला." हिरवी टिकली! हॉलमधून मोठा गलका उठला. मी म्हटलं, बघ, लागली मॅच!

आता आम्हा कलकत्त्याच्या मराठी लोकांना एक वाईट खोड आहे. मनातलं काहीही, कुठेही, मराठीत मोठ्यानं बोलून टाकायचं. कुणाला कळतंय?

"तुझ्या आईंना ना, काही म्हणजे काही कळत नाही!" मी सुरू झाले. "खुशाल कबूल करून मोकळ्या! स्वतःला मोबाइलचा आवाज कमी करता येत नाही. रोज पहाटे भजनं लावून अख्खी बिल्डिंग उठवतात."

हॉलमध्ये हशा. मला वाटलं, गोलकीपर पडला असेल.

कोणीतरी बाहेरून ओरडलं, आवाज वाढवा! मी लगेच वाढवला.

"आणि हे लाडू बघ!" मी लाडू उचलून टेबलावर आपटला. टक! टक! "फेकून मारला तर रेफ्री आडवा होईल!"

काय तो हशा! काय त्या टाळ्या! मी म्हटलं, गोल झाला वाटतं. तेवढ्यात दार उघडून घोषालदा आत आले. डोळ्यांतून पाणी.

"बौमा, खेला कोथाय? शुधु तोमाकेई देखछि!"

म्हणजे, सूनबाई, मॅच कुठे आहे? नुसती तूच दिसतेस!

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. घरच्या कॉम्प्युटरला कॅमेरा नाही, त्यामुळे टूलला तिथे पहिलं सापडायचं ते टीव्ही कार्डच. लॅपटॉपला मात्र डोक्यावर कॅमेरा आणि पोटात माइक! टूलनं जे पहिलं दिसलं ते उचललं आणि मला पडद्यावर भिंतभर लावलं. लाडवासकट!

मी पळत हॉलमध्ये गेले. सगळी गल्ली सासूबाईंना घेरून विचारत होती, बौमा काय म्हणत होती? त्या सगळ्या जमावात मराठी कळणारं माणूस एकच, आणि तेही नेमकं हे! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग शांतपणे सगळ्यांना म्हणाल्या, "बहू बोलती है, लाडू में ताकद बहुत है. आवाज सुना ना? सब लोग और एक एक लो!"

मला तिथेच रडू फुटलं. समीरनं हातानं टीव्ही कार्ड निवडून मॅच लावली, तोवर मध्यंतर झालं होतं. कोणाची तक्रार नव्हती, ही त्यातल्या त्यात गंमत.

घरी येताना मी म्हटलं, "आई, चुकलं माझं."

"लाडू घट्टच झाले होते गं. पाक पुढे गेला." चार पावलं गेल्यावर म्हणाल्या, "पण भजनं लागणार."

मग मी निमूटपणे टूलमध्ये शेवटी एक चित्र आणि एक प्रश्न घातला: "हेच ना?" पहिली चाचणी साताऱ्याला, सासऱ्यांच्या जुन्या लॅपटॉपवर. फोनवर सासूबाई, मी इकडे श्वास रोखून.

"आई, चित्र आलं का? बरोबर आहे का?"

"आलं बाई. तू कुठे दिसत नाहीस, म्हणजे बरोबरच असणार."